अमेरिका अजून फूट-पौंडातच का मोजते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत राहायला आल्यापासून भारतातून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ‘ग्रीन कार्डचं काय झालं?’ त्याच्या खालोखाल नंबर मोजमापांचा. ‘चंद्रावर माणूस धाडणाऱ्यांना किलो-मीटर का जमत नाही?’ हे मामा विचारतो, भाचा विचारतो, आणि इथे नव्याने उतरलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात पेट्रोल पंपावर उभा राहून विचारतो. तीच ती उत्तरं देऊन आता तोंडपाठ झाली आहेत, म्हणून एकदाची लिहून काढतो आहे.

अमेरिकेत मेट्रिक पद्धतीला बंदी आहे का?

अजिबात नाही. २८ जुलै १८६६ पासून इथे मेट्रिक मापांत केलेला कुठलाही व्यवहार कायदेशीर आहे. तेव्हा आपल्याकडे पायली आणि शेर नांदत होते. २० मे १८७५ ला पॅरिसमध्ये मीटरचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावर पहिल्या दिवशी सह्या करणाऱ्या १७ देशांत अमेरिका होती. इंग्लंड नव्हतं! फ्रान्समध्ये घडवलेला प्रमाण मीटर आणि प्रमाण किलो समुद्रमार्गे आले आणि २ जानेवारी १८९० ला राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या समोर व्हाइट हाउसमध्ये त्यांची सीलबंद पेटी उघडली गेली. पाहुणा वाजतगाजत आला, ओसरीवर बसला, आणि तिथेच राहिला. माजघरात त्याला कुणी बोलावलं नाही, हाकललंही नाही.

मग इथला अधिकृत फूट आणि पौंड कुठे जपून ठेवले आहेत?

कुठेच नाहीत. ते मीटर आणि किलोवरूनच ठरतात. १८९३ मध्ये थॉमस मेंडेनहॉल नावाचे अधिकारी इथल्या किनारा व भूमापन खात्याचे प्रमुख होते. इंग्लंडहून आणलेल्या जुन्या धातूच्या पट्ट्यांपेक्षा फ्रान्सहून आलेला मीटर जास्त भरवशाचा, हे त्यांनी ओळखलं आणि आदेश काढला: यापुढे एक यार्ड म्हणजे मीटरचा ३६००/३९३७ भाग. १९५९ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी मिळून आकडा आणखी सुटसुटीत केला. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, एक पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो.

म्हणजे अमेरिकन सुतार इंच मोजतो तेव्हा तो २५.४ मिलिमीटरच मोजत असतो. तसं पाहिलं तर देश सव्वाशे वर्षांपूर्वीच मेट्रिक झाला, लोकांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

समुद्री लुटारूंमुळे अमेरिकेचं मेट्रिक हुकलं, असा व्हिडिओ पाहिला. खरं का?

गोष्ट खरी, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष ओढूनताणून आणलेला आहे. १७९४ मध्ये फ्रान्सने जोसेफ डोंबे या वनस्पतिशास्त्रज्ञाला तांब्याचा एक मीटर आणि एक किलोचं वजन देऊन अमेरिकेला पाठवलं. किलोला तेव्हा ‘ग्राव्ह’ म्हणत. वादळाने जहाज कॅरिबियन समुद्रात भरकटलं, पुढे ब्रिटिशांच्या बाजूच्या लुटारूंनी ते पकडलं, आणि बिचारा डोंबे माँटसेराट बेटावर कैदेतच वारला. ते तांब्याचं वजन मात्र फिरत फिरत अमेरिकेत पोचलं. आज ते इथल्या प्रमाणमापन संस्थेच्या संग्रहात आहे.

पण डोंबे सुखरूप पोचला असता तरी काय झालं असतं? टॉमस जेफरसन यांनी त्याआधीच, १७९० मध्ये, दशमान मापांची स्वतःची योजना काँग्रेसपुढे, म्हणजे इथल्या संसदेपुढे, मांडली होती आणि काँग्रेसने ती बाजूला ठेवली होती. खुद्द मीटरची लांबी पक्की झाली १७९९ मध्ये. फ्रेंच जनताही काही टाळ्या वाजवत तयार झाली नव्हती. १८१२ मध्ये नेपोलियनने जुन्या नावांच्या मापांना पुन्हा मोकळीक दिली, आणि फ्रान्समध्ये मेट्रिक खऱ्या अर्थाने सक्तीचं झालं ते १ जानेवारी १८४० पासून. ज्यांनी शोधलं त्यांनाच चाळीसेक वर्षं लागली.

जाता जाता एक गंमत. पैशाच्या बाबतीत अमेरिका फार लवकर दशमान झाली. १७९२ मध्येच एका डॉलरचे १०० सेंट. आपण एका रुपयाचे १०० नवे पैसे केले १९५७ मध्ये. पण त्याच अमेरिकेत शेअरचे भाव २००१ पर्यंत डॉलरच्या अष्टमांश-सोळांशात सांगत!

मग एकोणिसाव्या शतकात घोडं पेंड कुठे खात होतं?

माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हे: त्यांना गरजच नव्हती.

मीटर जन्मला तो गोंधळातून. क्रांतीआधीच्या फ्रान्समध्ये एकाच नावाचं माप गावागणिक वेगळं होतं, आणि धान्याचा वाटा मोजून घेणाऱ्या जमीनदाराचं माप हमखास मोठं. अमेरिकेतल्या राज्यांचं तसं नव्हतं. सगळ्यांनी इंग्रजी मापं वारशात घेतली होती. १८३० च्या दशकात फर्डिनांड हॅसलर या स्विस गृहस्थाने सरकारी खजिन्यासाठी यार्ड, पौंड, गॅलन आणि बुशेल पक्के केले आणि त्यांच्या अस्सल प्रती बंदरांवरच्या जकात कचेऱ्यांना व राज्यांना पोचत गेल्या. उत्तरेतल्या मेनमधला पौंड आणि दक्षिणेतल्या जॉर्जियातला पौंड एकच. अख्ख्या खंडाला एक माप मिळालेलंच होतं. मग ते दहाच्या पटीत नसलं तर नसलं.

त्याआधी १८२१ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी चार वर्षं खपून या विषयावर अहवाल लिहिला होता. त्यात मेट्रिकची मनापासून स्तुती आहे, आणि शेवटी सल्ला काय, तर इतक्यात नको.

पुढे दोन गोष्टींनी फुटाची मुळं खोल गेली. पहिली जमीन. १७८५ च्या वटहुकुमाने पश्चिमेकडची सरकारजमा जमीन चौकटीत कापायला घेतली. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. १८६२ च्या कायद्याने वसाहतकरी कुटुंबाला जमीन मिळायची ती १६० एकर, म्हणजे त्या तुकड्याचा बरोबर चौथा हिस्सा. विमानाने आयोवा किंवा कॅन्ससवरून जाताना खिडकीतून खाली बघा, बुद्धिबळाचा पट अंथरल्यासारखी शेतं दिसतात. रस्ते मैला-मैलावर काटकोनात छेदलेले. देशाच्या अंगावर मैल असा गोंदलेला आहे.

ही मोजणी होत असे ६६ फुटांच्या साखळीने, गुंटर साहेबांची साखळी म्हणून ती प्रसिद्ध. ६६ फूट म्हणजे २२ यार्ड, हा आकडा क्रिकेटवाल्यांना वेगळा सांगायला नको. आपल्याकडच्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिच्या बरोबर निम्मी. ३३ बाय ३३ चा एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. तेव्हा अमेरिकनांना हसताना सातबारा जरा बाजूला ठेवावा.

दुसरी गोष्ट कारखाने. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी नट-बोल्टच्या आट्यांचं एक प्रमाण मांडलं, अर्थात इंचात, आणि रेल्वेपासून आरमारापर्यंत ते पसरत गेलं. आटे बदलायचे तर नुसती पट्टी बदलून भागत नाही. लेथ, टॅप, डाय, गेज, नकाशे, शेल्फावर पडून असलेले सुटे भाग आणि गिऱ्हाइकाच्या दारात चालू असलेली यंत्रं, सगळंच आलं. म्हणून मेट्रिकला सगळ्यात कडवा विरोध अडाण्यांनी केला नाही, यंत्रं बनवणाऱ्या कसबी इंजिनियरांनी केला. शतक पालटताना काँग्रेसपुढे मेट्रिकची विधेयकं येत राहिली आणि ही मंडळी दर वेळी कागदपत्रं घेऊन हजर. पन्नास वर्षांची गुंतवणूक भंगारात काढा असं कुणी मलाही सांगितलं असतं, तर मीही आडवा पडलो असतो.

यात पिरॅमिडचा काय संबंध?

हा प्रश्न मला आवडतो. १८७९ च्या सुमारास ओहायो आणि बॉस्टनकडे मेट्रिकविरोधी संस्था निघाली. रेल्वेत इंजिनियर असलेले चार्ल्स लॅटिमर तिचे म्होरके. स्कॉटलंडचे खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी गिझाचा पिरॅमिड मोजून त्यात एक ‘पवित्र इंच’ शोधला होता, तो इंग्रजी इंचाच्या अगदी जवळचा. मग काय, इंच देवाने दिलेला आणि मीटर नास्तिक फ्रेंचांनी काढलेला! या लोकांनी मेट्रिकविरुद्ध गाणीसुद्धा रचली होती. ही चळवळ थोड्या वर्षांत विरली आणि निर्णय काही तिच्यामुळे झाले नाहीत. पण ‘मीटर म्हणजे परक्यांचं खूळ’ हा सूर तेव्हापासून अधूनमधून ऐकू येतो.

१९७५ मध्ये कायदा झाला होता ना? मग फसलं कुठे?

एका शब्दात. ‘ऐच्छिक’.

झालं असं, की १९६० च्या दशकात इंग्लंड मेट्रिककडे वळलं, पाठोपाठ ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा. अमेरिका एकटी पडणार असं दिसू लागलं. काँग्रेसने तीन वर्षं अभ्यास करवून घेतला. १९७१ च्या अहवालाने सांगितलं की दहा वर्षांचा आराखडा आखून बदल करावा. २३ डिसेंबर १९७५ ला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी कायद्यावर सही केली. पण तोपर्यंत त्यातली मुदत गळाली होती. उरलं ते १७ सदस्यांचं एक मंडळ, ज्याने लोकांना समजावायचं, नियोजन करायचं, पण सक्ती कुणावर करायची नाही.

आता विचार करा. एकट्या वाण्याने किलोचा तराजू आणला आणि शेजारचा पौंडातच विकतोय, तर गिऱ्हाईक कुठे जाईल? हा बदल सगळ्यांनी एकाच दिवशी केला तरच जमतो, डावीकडून उजवीकडे गाडी चालवण्यासारखा. ऑस्ट्रेलियाने १९७४ च्या जुलैमध्ये देशभरच्या रस्त्यांवरच्या वेगमर्यादेच्या पाट्या एका महिन्यात बदलल्या. अमेरिकेत प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत थांबला.

कामगार संघटनांचं दुखणं वेगळं होतं, आणि ते खरं होतं. इथे गॅरेजमधला मेकॅनिक बहुतेक वेळा स्वतःची हत्यारं स्वतःच्या पैशाने घेतो. पान्यांचा सगळा सेट दुसऱ्यांदा कोण घेऊन देणार? त्यात तो काळ महागाईचा, तेलटंचाईचा, व्हिएतनाम युद्ध आणि वॉटरगेट घोटाळ्यानंतरचा. वॉशिंग्टनहून कुणी ‘हे तुमच्या भल्याचं आहे’ म्हटलं की लोक आधी पाकीट चाचपून बघत. १९८२ मध्ये रेगन सरकारने खर्चकपातीत ते मंडळ गुंडाळलं. फारसं कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

१९८८ मध्ये काँग्रेसने पुन्हा एक कायदा करून मेट्रिक ही व्यापारासाठी ‘पसंतीची पद्धत’ ठरवली. ती आजही पसंतीची आहे. कागदावर.

रस्त्यांवर किलोमीटर का आले नाहीत?

१९७७ मध्ये केंद्रीय महामार्ग खात्याने तसा प्रस्ताव मांडला, तर पत्रांचा पाऊस पडला आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. नव्वदच्या दशकात राज्यांनी रस्त्यांची कामं मेट्रिकमध्ये आखावीत म्हणून पुन्हा प्रयत्न झाला. कित्येक राज्यांनी नकाशे बदललेही. मग १९९८ च्या कायद्याने सक्तीची मुदत काढून टाकली आणि बहुतेक राज्यं निमूट फुटांवर परतली.

एक अपवाद बघण्यासारखा आहे. ॲरिझोनातला टूसॉन ते नोगालेस हा शंभरेक किलोमीटरचा महामार्ग, आय-१९. मेक्सिकोच्या सीमेकडे जाणाऱ्या या रस्त्यावर अंतरं किलोमीटरमध्ये लिहिली आहेत, वेगमर्यादा मात्र मैलात. पुढे राज्याने सगळं मैलात आणायचं ठरवलं, तर वाटेवरच्या धंदेवाल्यांनीच विरोध केला, कारण जाहिरातींवर, नकाशांवर, पत्रिकांवर जुने एक्झिट नंबर छापलेले! किलोमीटर आले तेव्हा विरोध, जाऊ लागले तेव्हाही विरोध. माझ्या लेखी या एका रस्त्यात सगळं प्रकरण आलं.

रोजच्या जगण्यात मेट्रिक कुठेच दिसत नाही का?

दिसतं की, बघितलं तर. कोकची बाटली दोन लिटरची, पण शेजारचं दूध गॅलनमध्ये. वाइनची बाटली ७५० मिलिलिटर, बियर औंसात. औषधाच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये. पाकिटामागच्या पोषणाच्या तक्त्यात मीठ-साखर मिलिग्रॅम-ग्रॅममध्ये. वीज वॉटमध्ये. शनिवारी सकाळी पळायला जातात ते ‘फाइव्ह के’, म्हणजे पाच किलोमीटर, आणि पळताना वेग सांगतात मैलाला किती मिनिटं असा. सैन्यात किलोमीटरला ‘क्लिक’ म्हणतात. प्रयोगशाळांत तर दुसरं काही चालतच नाही.

माझ्या गॅरेजमध्ये हत्यारांची पेटी आहे, तिला दोन खण. वरच्यात इंची पाने: तीन अष्टमांश, सात सोळांश, अर्धा, नऊ सोळांश. खालच्यात मिलिमीटरचे: आठ, दहा, बारा, तेरा. अर्ध्या इंचाचा सॉकेट १२.७ मिलिमीटर. तेराच्या बोल्टला तो बसत नाही, आणि तेराचा सॉकेट अर्ध्या इंचाच्या बोल्टवर बसतो पण सैल, जोर लावला की कोपरे झिजतात. गाडीला लागतो खालचा खण, कारण डेट्रॉइटच्या कंपन्या १९७० च्या दशकापासून हळूहळू मिलिमीटरवर गेल्या. गवत कापायचं जुनं यंत्र उघडायचं तर वरचा. कुठला खण ते बोल्टकडे बघून कळत नाही. आपल्याकडे गॅरेजमधल्या पोऱ्याला ‘बारा-तेरा दे रे’ म्हटलं की काम झालं.

त्या खालच्या खणातच खरं उत्तर आहे. जगभर गाड्या विकायच्या असलेल्या कंपन्या, औषधवाले, संशोधक, सैन्य यांना गरज होती, त्यांनी गाजावाजा न करता बदल करून घेतला. त्यानंतर सरकारकडे मेट्रिकसाठी तगादा लावायला वजनदार असं कुणी उरलंच नाही. उरले ते सामान्य लोक, ज्यांना हवामान, उंची, वजन आणि दूध यांपलीकडे काही मोजायचं नसतं.

आपण भारतात करून दाखवलं, मग यांना काय धाड भरली?

आधी आपलं बघू. १९५६ चा कायदा, १९५७ च्या १ एप्रिलला नवे पैसे, १९५८ च्या १ ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो-मीटर. काम अचाट होतं, वादच नाही. पण आपल्याला एक सोय होती: आधीचं इतकं विस्कळीत होतं की सगळ्यांनाच ते जाचत होतं. शेर वजनाचाही आणि मापाचाही. एका बाजारपेठेतली पायली दुसऱ्या बाजारपेठेत चालेलच असं नाही. अमेरिकेत किलो आला असता तर तो सगळीकडे एकसारख्या असलेल्या पौंडाच्या जागी आला असता. आपल्याकडे तो शंभर भांडणांच्या जागी आला. शिवाय कारखानदारी नुकती उभी राहत होती, मोडायला फारसं जुनं नव्हतं. आणि आपला कायदा ऐच्छिक नव्हता.

आणि खरंच पुरतं केलं का आपण? खरेदीखतात चौरस मीटर, बोलण्यात चौरस फूट. वाळू ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफूट. नळाचा पाइप अर्धा इंची, आणि गवंडी म्हणतो ‘एक सूत आत घ्या’, ते सूत इंचाचा आठवा भाग. प्लायवुडचा शीट आठ बाय चार फुटांचा, जाडी विचारली तर अठरा मिलिमीटर. ही खिचडी तर अमेरिकेतही शिजत नाही. मुलीची उंची पाच फूट तीन, टीव्ही त्रेचाळीस इंची. सोन्याचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, तो आपण गुपचूप दहाचा केला आणि नाव तेच ठेवलं, ही मात्र हुशारी. नऊवारीतला वार म्हणजे यार्डच. तिला सव्वाआठ मीटरी म्हणून बघा घरात.

गॅलन, क्वार्ट, पाइंट, कप हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

अर्ध्याअर्ध्याने करण्यातून. गॅलनचे चार क्वार्ट, क्वार्टचे दोन पाइंट, पाइंटचे दोन कप. पायलीच्या दोन अधोल्या, अधोलीचे दोन शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चिपट्याची दोन कोळवी. ओळखीचं वाटतंय? तराजू-काटा जवळ नसताना भांडं निम्मं करणं सगळ्यात सोपं असतं. दहा भाग डोळ्याने करता येत नाहीत. पावकी-निमकी पाठ केलेल्या आपल्या आजोबांना अमेरिकन सुताराचं ‘पाच अष्टमांश’ चुटकीसरशी कळलं असतं. अडतो तो दशांश शिकलेला आपला नातू.

इंग्लंडचं आणि अमेरिकेचं माप एकच ना?

नावं एक, मापं नेहमी नाही. अमेरिकेने जुना वाइनचा गॅलन धरून ठेवला, २३१ घनइंचांचा, म्हणजे ३.७८५ लिटर. इंग्लंडने १८२४ मध्ये नवा गॅलन आणला, ४.५४६ लिटरचा. पाइंटही तसाच, इथे ४७३ मिलिलिटर, तिथे ५६८.

याचा त्रास फोनवर होतो. काका विचारतात, ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ मी म्हणतो, ‘तीस.’ ‘वा! एवढी मोठी गाडी आणि तीस!’ ते मैल प्रति गॅलन. आपल्या हिशोबाने पावणेतेरा.

जगात फक्त अमेरिका, लायबेरिया आणि म्यानमार एवढेच उरलेत का?

हा नकाशा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो ढोबळ आहे. म्यानमारमध्ये इंग्रजी मापांपेक्षा तिथली स्वतःची मापं जास्त चालत आली. उलट ‘मेट्रिक’ रंगात रंगवलेल्या इंग्लंडमध्ये रस्त्यांवर मैल आहेत आणि पबमध्ये पाइंट, तर कॅनडात भाजीच्या दुकानात पौंडाचा भाव ठळक असतो.

दोन पद्धतींमुळे मोठं नुकसान कधी झालंय?

नेहमीचं उदाहरण नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरचं. २३ सप्टेंबर १९९९ ला हे यान मंगळाच्या कक्षेत शिरायचं होतं. यान बनवणाऱ्या कंपनीची आज्ञावली इंजिनाच्या धक्क्याचे आकडे पौंडात देत होती, नासाची आज्ञावली ते न्यूटनमध्ये, म्हणजे बलाच्या मेट्रिक एककात, आहेत असं समजून घेत होती. फरक ४.४५ पटींचा. नऊ महिन्यांच्या प्रवासात चूक साचत गेली आणि यान मंगळापासून सुमारे ५७ किलोमीटरवर, म्हणजे जिथे टिकणं शक्यच नव्हतं तिथे पोचलं. १२.५ कोटी डॉलरचं यान गेलं.

पण दुसरी बाजूही ऐका. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन हवेतच संपलं. एका लिटर इंधनाचं वजन ०.८ किलो धरायचं, ते १.७७ धरलं गेलं. तो आकडा पौंडांचा होता. वैमानिकांनी इंजिन बंद पडलेलं ते धूड तरंगत नेऊन गिम्ली गावाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, सगळे वाचले. हा घोळ झाला तो कॅनडा मेट्रिककडे *जात असताना*.

फॅरनहाइटचं काय? तो तर निव्वळ वेडेपणा वाटतो.

मलाही वाटायचं. पहिल्या हिवाळ्यात आत्याने फोनवर विचारलं, ‘थंडी किती रे?’ म्हटलं, ‘तीस.’ ‘तीस? मग उकडत असेल की!’ तीस फॅरनहाइट म्हणजे शून्याच्या खाली एक. पण याच आत्याच्या घरी कुणाला ताप आला की ती सांगते, ‘अंगात एकशे दोन आहे.’ एकशे दोन काय? अख्खा महाराष्ट्र ताप फॅरनहाइटमध्ये मोजतो आणि ऊन सेल्सियसमध्ये, आणि कुणाचंही अडत नाही. अमेरिकनांना याच कारणाने अडत नाही.

स्वयंपाकात काय सांभाळायचं?

ओव्हन! मी नानकटाई पहिल्यांदा केली तेव्हा आईच्या वहीतला १८० चा आकडा तसाच ओव्हनवर लावला. चाळीस मिनिटांनी उघडलं तर गोळे तसेच, वर तूप सुटलेलं. १८० फॅरनहाइट म्हणजे जेमतेम ८२ सेल्सियस. तिथे ३५० लावायचं असतं.

पीठ इथे तोलत नाहीत, कपाने मोजतात. कप म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर, आपला चहाचा कप नव्हे. भरून सुरीच्या पाठीने सपाट करायचा. ही शिस्त बॉस्टनच्या पाकशाळेतल्या फॅनी फार्मर बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लावली आणि घराघरांत मुरली. आईचं ‘अंदाजाने घाल’ यापेक्षा बरं म्हणायचं.

लहान मुलांच्या औषधाचं?

इथे मात्र गंमत नको. बाळाचं वजन बोलताना पौंडात सांगतात आणि औषधाचा डोस ठरतो किलोवर. २२ पौंडांचं बाळ म्हणजे १० किलो. ते २२ किलो समजलं तर डोस दुपटीहून जास्त. दवाखान्यात वजन सांगताना एकक मोठ्याने उच्चारा. औषध घरातल्या चमच्याने देऊ नका, बाटलीबरोबर मिलिलिटरच्या खुणांची पिचकारी येते तीच वापरा.

इथल्या शाळेत मेट्रिक शिकवतात का?

शिकवतात, दोन्ही. विज्ञानात मेट्रिकच. माझी मुलगी शाळेत सेंटिमीटर मोजते आणि घरी आल्यावर स्वतःची उंची फूट-इंचात सांगते.

मग हे कधी बदलणार?

माझ्या हयातीत सक्तीने तरी नाही. कुठल्याही पक्षाला यात एक मत मिळायचं नाही, गमवायला मात्र बरीच. पाकिटांवर दोन्ही एककं छापायची सक्ती १९९४ पासून आहे. त्यामुळे किलो जाणणाऱ्याचंही भागतं आणि पौंडवाल्याचंही, आणि ज्याचं भागतं तो मोर्चा काढत नाही.

नवीन आलोय. घाईत उपयोगी पडतील असे ठोकताळे सांगा.

सेल्सियसची दुप्पट करून तीस मिळवा, फॅरनहाइट आलं, हवामानापुरतं चालतं. किलोची दुप्पट करून वर दहावा हिस्सा घाला, पौंड आले. मैलाचे किलोमीटर करताना दीडपट आणि वर थोडं. ६५ ची वेगमर्यादा म्हणजे १०५. मैल प्रति गॅलनला ०.४२५ ने गुणलं की काकांना सांगायचा आकडा मिळतो.

भारतातून येताना मोजायची टेप आणू का?

आणा, नक्की आणा. इथल्या दुकानातल्या बहुतेक टेपवर सेंटिमीटरची बाजूच नसते. दोन्हीकडे इंच, प्रत्येक इंचाचे सोळा भाग. भिंतीतले लाकडी खांब सोळा-सोळा इंचांवर असतात, म्हणून दर सोळाव्या इंचाला लाल खूण. आणखी एक बारीक काळा चौकट-चिन्हाचा ठिपका दिसेल १९.२ इंचांवर. तो आठ फुटांचे पाच सारखे भाग करायला. मी दोन्ही टेप बाळगतो. पडदे शिवायला भारतात माप पाठवायचं तर तिकडची, खिळा ठोकायचा तर इकडची. गेल्या दिवाळीत खिडकीचं माप घाईत इकडच्या टेपने घेतलं आणि ‘बावन्न’ एवढंच लिहून पाठवलं. पडदे आले, सुरेख शिवलेले, गुडघ्याएवढे.